देवाचं पाणी आणि मी

मी शकूच्या गॅलरीतली इचेव्हेरिया बोलतेय. नाव म्हणताना जीभ अडखळली तर वाईट वाटून घेऊ नका. या घरात मला कोबीच म्हणतात. दिसते मात्र गुलाबासारखी. जाड निळसर पानं, एकात एक बसवलेली, त्यांवर पावडर लावल्यासारखी पांढरी झाक. देखणी आहे मी. सांगायला लाजायचं कशाला?

माझा जन्म नर्सरीतला. आईचं एक पान गळून वाळूत पडलं आणि त्याच्या देठाशी मी उगवले. शकूनं मला उचललं तेव्हा नर्सरीवाला म्हणाला, "ताई, माती पार कोरडी झाली की मगच पाणी. ही पानातच साठवून ठेवते." शकूनं मान हलवली. ती नुकतीच लग्न होऊन कोथरूडला आलेली.

तिच्या सासूबाई, आनंदीबाई, मूळच्या इथल्याच. आज सोसायटी आहे तिथं त्यांची ज्वारी उभी असायची. त्यांनी मला खालीवर निरखलं.

"ह्यो कोबी कशाला आणलास?"

"शोभेचं झाड आहे, आत्या."

"म्हंजे खायाचं न्हाई. बरं."

देवघर गॅलरीला लागूनच. आनंदीबाई रोज सकाळी ताम्हनात देवांना अंघोळ घालत. ते पाणी मोरीत ओतायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही, झाडालाच घालायचं. दाराजवळची पहिली कुंडी माझी. त्यामुळे रोज माझ्या डोक्यावर अभिषेक, हळदकुंकवासकट. "पी माय," त्या म्हणत. त्यात मायाच होती, हे मला कळत होतं. मुळांना कुठलं कळायला?

शकू सगळं पाहायची. पण नव्या सुनेनं देवाच्या पाण्याला नको कसं म्हणायचं? तिनं मला गुपचूप कोपऱ्यात सरकवलं. आनंदीबाई ताम्हन घेऊन तिथं आल्या. "उन्हाला ठिवलीस व्हय? झ्याक केलंस," म्हणाल्या आणि ओतलं.

झाड बोलतं ते पानांनी. माझी खालची पानं पिवळी पडली, पिचपिचीत झाली, हात लागताच गळू लागली. आनंदीबाईंना वाटलं, तहानलीय. त्या संध्याकाळीही पाणी घालू लागल्या.

एका सकाळी ताम्हन माझ्यावर कललं आणि शकूनं कुंडीवर आपला तळवा धरला. पाणी तिच्या हातावरून सांडलं.

"आत्या, नको."

"का गं? देवाचं हाय."

"देवाचं असलं तरी पाणीच ना. हिला सोसत नाही. बुडाशी सडलीय. अजून घातलं तर मरेल."

आनंदीबाईंनी ताम्हन खाली ठेवलं. "मग इतके दिस तोंडात मिठाची गुळणी धरली व्हतीस? म्या तिला मारत व्हते आन् तू बघत व्हतीस?"

शकू आत जाऊन सुरी घेऊन आली आणि सडका भाग सोडून वर माझी मान कापली. आनंदीबाईंनी तोंड फिरवलं. मग त्यांनीच मला ठेवायला वर्तमानपत्र आणून सावलीत पसरलं.

"माती न्हाई, पानी न्हाई? उपाशी ठिवायची?"

"जखम सुकेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी शकूचा नवरा जयसिंग बाटलीतलं उरलेलं पाणी माझ्यावर ओतायला निघाला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "शिवू नगंस तिला. उपास हाय तिचा."

मी उपास पार पाडला. कापलेल्या बुडाला गुलाबी मुळं फुटली, धाग्यासारखी. आता मी वाळूमिश्रित मातीत ताठ बसले आहे. देवाचं पाणी कढीपत्त्याला जातं, आणि आमटीलाही थोडं पुण्य लागतं, असं जयसिंग म्हणतो. शकू आणि आनंदीबाईंची आता रोज कशावरून तरी जुंपते. मला ते ऐकायला बरं वाटतं.

तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल आणि कुणी मायेनं तिला पाणी घालायला आलं, तर नको म्हणा. पहिल्याच दिवशी म्हणा. मी तग धरून राहिले. सगळ्याच राहतील असं नाही.