हातभर आखूड घागरा

"हे गोणपाट मी नेसणार नाही, झेलीमावशी! आधीच सांगून ठेवते."

सिदोनीने घागरा कापणीच्या मेजावर असा आपटला की टाचण्यांची डबी उलटून टाचण्या जमिनीभर झाल्या. शिवणखान्यातल्या बारा बायकांच्या सुया जागच्या जागी थांबल्या. झेली तूर्नो तेवढी थांबली नाही. हातातला टाका पुरा करून, दोरा दातांनी तोडून मगच तिने मान वर केली.

"गोणपाट कुठलं? मलमल आहे ती. गेल्या महिन्यात तूच हिला ढग म्हणत होतीस."

"तेव्हा होताच ढग! तुम्ही तो त्या घाणेरड्या पाण्यात बुडवलात. आता बघा, लोण्यासारखा पिवळा पडलाय. मी गिरकी घेऊन थांबले तरी हा आपला मागून सावकाश येतोय, सासऱ्यासारखा. आणि मांड्या सोलवटल्यात त्या वेगळ्याच. दाखवू?"

"नको दाखवू. मलम देते."

"मलम नको, न बुडवलेला घागरा द्या. हे घ्या."

तिने चोळीतून चार घड्यांचा कागद काढला. थिएटरच्या कचेरीतला छापील कागद होता. न बुडवलेला घागरा मी माझ्या मर्जीने नेसत आहे, काही बरंवाईट झाल्यास थिएटर जबाबदार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. खाली सिदोनी गोद्रीची सही होती, पहिलं अक्षर भलं मोठं आणि शेवटचं कागदाच्या कडेला चेंगरलेलं.

झेलीने कागद वाचला, घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवला. "रंगीत तालमीला देते," एवढंच ती म्हणाली.

गावोगावच्या रंगमंचांवर गॅसच्या दिव्यांनी नर्तकींचे घागरे पेटल्याच्या बातम्या वरचेवर यायला लागल्या, तेव्हा पॅरिसच्या या थिएटरात हुकूम निघाला होता: सगळे घागरे तुरटी आणि टाकणखाराच्या पाण्यात बुडवून वाळवायचे. बुडवलेलं कापड धुमसतं, काळं पडतं, पण भडकत नाही. मागच्या रांगेत नाचणाऱ्या पोरींना कोणी विचारलं नाही. त्या खाजवत खाजवत नाचत होत्या. पुढे नाचणारीला मात्र कागदावर सही करून सुटका मिळत होती. आणि सिदोनी या वसंतात पहिल्यांदाच पुढे नाचणार होती. नव्या बॅलेत ती नदीची परी होती. कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी, एकोणीस वर्षांची. सात वर्षं मागच्या रांगेत काढल्यावर एकदाची संधी आलेली, आणि ती पिवळ्या गोणपाटात? तिची चूक नव्हती, हे झेलीला कळत होतं. म्हणूनच तो कागद खिशात जड लागत होता.

झेली पंधराव्या वर्षी रुआँहून इथे आली होती. त्याला बत्तीस वर्षं झाली. ती आली तेव्हा घागरे पोटरीपर्यंत यायचे, मऊ, घंटेच्या आकाराचे. मंचावर एकामागून एक भुतं, पऱ्या, चंद्रप्रकाशात उठणाऱ्या मेलेल्या नवऱ्या असायच्या आणि त्यांना तो धुक्यासारखा घागरा शोभायचाही. मग रस्त्यावरच्या बायका लोखंडी कड्यांचे फुगीर झगे घालायला लागल्या. दारातून आडवं होऊन जावं लागे इतके रुंद. मंचानेही तेच उचललं. थरावर थर चढले. ग्रीक देवी असो, हिंदुस्थानातली देवदासी असो, नाहीतर स्कॉटलंडची गवळण असो, प्रत्येकीला तोच रुंद घागरा. वरच्या पट्ट्यावर नक्षी बदलली की देश बदलला! झेलीने ते सगळे शिवले. रुंदी जसजशी वाढली तसतसं नाचणारीला आपला घेर कुठे संपतो हे कळेनासं झालं, आणि मंचाच्या कडेला तर उघड्या ज्योतींची रांग.

रुआँच्या थिएटरात तिची धाकटी बहीण लेओनी नाचताना अशाच ज्योतींच्या रांगेजवळून गेली होती. त्यानंतर ती अठरा दिवस जगली. झेलीने ही गोष्ट पॅरिसमध्ये कोणाला सांगितली नव्हती. कोणी विचारलंच तर म्हणायची, बहीण होती, तापाने गेली.

त्या रविवारी तिने आपल्या खोलीत चूल पेटवली आणि कांद्याच्या सुपाचं मोठं पातेलं त्या पाण्याच्या प्रयोगाला लावलं. कडक पाणी, पातळ पाणी, एकदा बुडवलेलं कापड, तीनदा बुडवलेलं. संध्याकाळपर्यंत खिडकीत चिंध्यांची माळ लागली. खालच्या मजल्यावरची म्हातारी ओरडली, "काय गं, आज पाहुण्यांना परकर शिजवून घालणार का?" पातळ पाण्यातलं कापड कमी खरखरीत निघालं आणि मेणबत्तीला धरलं तर पेटलंही नाही. पण पूर्ण घेराच्या थरांना ते लावायचं म्हणजे वजन आलंच. गिरकीबरोबर उडेल असं काही ते होईना. पातेलं मात्र कायमचं वाया गेलं.

मंगळवारी मिलानहून आलेली एर्सिलिया आपला घागरा घेऊन जिना चढून आली. ती दहा-बारा खेळांपुरती पाहुणी नर्तकी होती. घागऱ्याची शिवण उसवली होती. झेलीने तो हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"बाकीचा कुठाय?"

"बाकीचा नाही," एर्सिलिया हसली. तिची भाषा मोडकीतोडकी, पण तोंड थांबत नसे. "एवढाच. गुडघा इथे, घागरा इथे. तुमचा नाचाचा मास्तर बघतो, डोळे बंद करतो."

"थंडी नाही वाजत?"

"बाई, मी दहा वर्षं पाय घासला. रोज. रक्त आला. मग पाय पडद्यात का? लोक पडदा बघायला येतात?"

झेलीने शिवण घातली, पण तिचं लक्ष शिवणीत नव्हतं. एर्सिलिया गेल्यावर तिने आपल्या कोपरापासून बोटापर्यंत मोजून पाहिलं. हातभर. ज्योतींच्या रांगेपासून घागऱ्याची कड हातभर वर, आणि घेरही त्या मानाने कमी. त्या इटालियन बाईच्या मनात आगीचा विचारही नव्हता. तिला फक्त आपले पाय दाखवायचे होते. पण एवढ्या कापडाला वजन ते किती असणार? लांब घागऱ्यात जो ताठपणा लोढण्यासारखा वाटतो, तोच आखूड घागऱ्याला कमरेपासून उचलून धरील. हे आपल्याला बत्तीस वर्षांत का सुचलं नाही, असं वाटून ती स्वतःवरच चिडली. आणि मग कापायला बसली.

आता पिवळेपणा तेवढा राहिला. पांढरं कसं ठेवावं हे धोबिणीलाच विचारावं म्हणून ती कालव्याकाठच्या धुण्याच्या घाटावर गेली. सिदोनीची आई, मदाम गोद्री, कोपरापर्यंत साबणाच्या फेसात होती.

"पोरीने काही केलं का?" तिने बघताक्षणी विचारलं.

"सही केलीय एका कागदावर." झेलीने खिशातला कागद काढून वाचून दाखवला. मदाम गोद्रीला वाचता येत नव्हतं.

तिने हातातलं कापड पाण्यात सोडून दिलं. शेजारच्या बायकांचं कपडे बडवणं धपाधप चालू होतं. त्या आवाजात, का कोण जाणे, झेलीने रुआँची गोष्ट सांगून टाकली. लेओनी किती वर्षांची होती, घागरा कोणत्या रंगाचा होता, अठरा दिवसांत ती काय काय म्हणाली. "तो घागरा मीच शिवून पाठवला होता," ती म्हणाली. "वाढदिवसाला. पॅरिसची मलमल म्हणून मिरवत होती."

मदाम गोद्रीने ओले हात ॲप्रनला पुसले आणि झेलीच्या मनगटावर एक हात ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता.

"मी सांगून ती ऐकायची नाही," शेवटी ती म्हणाली. "आई नको म्हणते म्हटलं की मुद्दाम करील. तिच्या बापावर गेलीय. तुमचं ते कापड बघू." तिने चिंधी उजेडात धरली, हुंगली, जिभेच्या टोकाला लावली. "हात्तिच्या! हे एवढंच ना? शेवटच्या पाण्यात नीळ घाला. चिमूटभर, जास्त नाही, नाहीतर परी आजारी दिसेल. आणि उन्हात नका वाळवू, सावलीत वाळवा. पिवळ्या चादरी आम्ही आयुष्यभर पांढऱ्या म्हणूनच परत करतो, बाई."

रंगीत तालमीच्या दिवशी सिदोनी शिवणखान्यात आली, तेव्हा भिंतीवर दोन घागरे टांगलेले होते. एक पोटरीपर्यंत लांब, न बुडवलेला, ढगासारखा. दुसरा आखूड, किंचित निळसर पांढरा, कमरेपासून फुलासारखा उभा राहिलेला.

"कागद तुझा आहे," झेली म्हणाली. "नेसशील तो तुझा."

सिदोनी दोन्हींकडे बघत राहिली. आज तिचा आवाज चढला नाही. तिने लांब घागऱ्याची कड बोटांत धरून पाहिली आणि सोडली.

"आईने रुआँचं सांगितलं मला," ती म्हणाली. "काय नाव होतं तिचं?"

"लेओनी."

"चांगली नाचायची?"

झेलीला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. "ठीक," ती म्हणाली, आणि स्वतःशीच हसली. "ताल चुकायचा. पण उडी मारली की खाली यायचं विसरायची."

सिदोनीने आखूड घागरा काढून नेसला, आरशासमोर गेली आणि तोंडावर हात ठेवला. "अगं आई गं! मावशी, माझे गुडघे! केवढे जाड आहेत!"

"जाड नाहीत. सात वर्षं मागच्या रांगेत उभी होतीस, ती सगळी त्यात आहेत. जा आता."

ती मंचावर गेली तेव्हा बॅलेमास्तर लोर्मिए काठी जमिनीवर ठोकून ताल देत होते. ती काठी अर्ध्यातच थांबली. साठी उलटलेला माणूस. तरुणपणी त्यांनी पऱ्यांचेच बॅले बसवले होते आणि त्यांच्या लेखी परीला पाय असतात ते फक्त घोट्याखाली.

"हे काय आहे?" ते ओरडले. "कोणी केलं हे? शिवणवालीला बोलवा!"

झेली पडद्याआडच होती, ती पुढे आली. बत्तीस वर्षांत ती या मंचावर टाचण्या तोंडात धरून, गुडघ्यांवर बसूनच वावरली होती. उभं राहून मास्तरांशी बोलण्याची ही पहिलीच वेळ.

"मदाम तूर्नो, माझी नदीची परी सर्कशीतली वाटतेय. उद्यापर्यंत घागरा खाली सोडा. पोटरीपर्यंत."

"येणार नाही, मस्यू."

"का येणार नाही?"

"कापलेलं कापड वाढत नाही."

पोरींच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं. मास्तरांचा चेहरा लाल झाला. झेली जागची हलली नाही.

"लांब घागरा वर तयार आहे, मस्यू. न बुडवलेला. तिला तो नेसवायचा हुकूम असेल तर तुम्ही स्वतः द्या. माझ्या हातून आता तो कोणाच्या अंगावर चढायचा नाही. मला काढून टाका हवं तर. पण आधी एकदा तिला नाचू द्या. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा."

मास्तरांनी काठीकडे पाहिलं, मग वादकांकडे मान हलवली.

सिदोनी नाचली. आजवर तिच्या पायांची लगबग कापडाच्या आत चालायची, बाहेर फक्त लाट दिसायची. आज ते पाय उघड्यावर होते: बोटांच्या टोकावर बारीक बारीक पडणारी पावलं, हवेत एकमेकांवर टकटक आपटणाऱ्या पोटऱ्या, उतरताना वाकणारा आणि सगळा भार झेलणारा तो जाड गुडघा. गिरकी घेऊन ती थांबली तेव्हा घागराही तिच्याबरोबरच थांबला, मागून आला नाही. शेवटच्या वळणाला ती मंचाच्या कडेने गेली, दिव्यांच्या रांगेला अगदी लागून, तेव्हा झेलीने नेहमीसारखे डोळे मिटले. मग उघडले. कड ज्योतींच्या वर, बरीच वर, निवांत तरंगत निघून गेली.

वादकांपैकी कोणीतरी टाळी वाजवली. मग पोरींनी, मग सगळ्यांनीच. मास्तर लोर्मिए नाक शिंकरत उभे होते.

"ती डावी टाच," ते म्हणाले. "सात वर्षं ही डावी टाच चुकीची टाकतेय आणि मला आज दिसतंय." मग झेलीकडे न बघताच, "दोन बोटं तरी खाली सोडा, मदाम. माझ्यासाठी."

"एक सोडते," झेली म्हणाली. "तेवढं शिवणीत ठेवलंय."

नव्या बॅलेचा पहिला खेळ शनिवारी झाला. वर्तमानपत्रांत एकाने आखूड घागऱ्याला बेशरम म्हटलं, दुसऱ्याने सिदोनीच्या पावलांवर अर्धा रकाना लिहिला, आणि सोमवारपासून तिकिटं मिळेनाशी झाली. कचेरीतला कारकून तो कागद मागायला आला, तेव्हा झेलीने तो त्याला देऊन टाकला. "बाद करा," ती म्हणाली. "बाई बुडवलेलाच नेसते."

मंगळवारी सकाळी ती शिवणखाना उघडायला गेली. जिन्याच्या वळणावरच तिला कुजबुज ऐकू आली. वर पाहिलं तर पायऱ्यापायऱ्यांवर मागच्या रांगेतल्या पोरी उभ्या होत्या, अठराच्या अठरा. प्रत्येकीच्या दंडावर आपापला लांब, पिवळट, खरखरीत घागरा. तिला बघताच सगळ्यांनी भिंतीला चिकटून वाट दिली. दारापाशी सगळ्यांत पुढे आपोलीन नावाची, यंदाच आलेली बारीकशी पोर होती.

"मास्तरांनी सांगितलं नाहीये," ती घाईघाईने म्हणाली. "आम्ही आपल्याच आलो."

झेलीने कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, ॲप्रन बांधला. मेजावरची मोठी कात्री उचलून तिने तिची धार अंगठ्यावर पाहिली.

"ये," ती म्हणाली. "सरळ उभी राहा. तुझा गुडघा कुठे आहे, दाखव मला."