सज्ज्याखालचा पाचवा चेहरा

बियाजोने छिन्नी टेकवून सज्ज्याखालच्या चौथ्या दगडी चेहऱ्याच्या नाकपुडीतला शेवटचा कपचा उडवला, तेवढ्यात अख्खी परांची गदगदा हलली. वाड्याचे मालक डॉन ऑत्तावियो शिडीने वर येत होते, आणि तेही जेवणाचा रुमाल गळ्यात तसाच ठेवून.

"ऐकलंस का? वरच्या गावाने चर्चच्या घुमटाचं काम काढलं!" ते धापा टाकत म्हणाले. "आपल्या आधी! आणि मी इथे चार थोबाडांवर समाधान मानून बसू? मला पाचवं पाहिजे. मधोमध."

"कोणाचं, मालक?"

"कोझिमोचं."

बियाजोने छिन्नी खाली ठेवली.

"तो माझा भाऊ आहे, मालक."

"मग तर सोपंच! समोर बसवायला माणूस नको." डॉन ऑत्तावियो स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन इतके हसले, की बियाजोने पुढे होऊन त्यांचा कोट धरला नसता तर खाली गाढवाच्या पाठीवर पडले असते.

आमचं गाव भूकंपात आडवं झालं ते एकदाच, पण उभं राहिलं दोनदा. आम्ही सान जॉर्जोवाले जुन्या जागेवरच हटून बसलो. सान जोवान्नीवाल्यांनी आपल्या संताची मूर्ती ढिगाऱ्यातून उपसली, खांद्यावर घेतली आणि समोरच्या टेकडीवर नवं गाव मांडलं. मध्ये दरी, तिच्या तळाशी ओढा आणि वर जायला पायऱ्या. तेव्हापासून ते एक मजला चढवायचे, आम्ही दीड. त्यांनी दारावर देवदूत बसवला, तर आम्ही दोन बसवून त्यांच्या हातात कर्णे द्यायचो. इतकी सुंदर गावं नुसत्या प्रेमाने बांधून झाली नसती, हे मी शपथेवर सांगेन.

संत वर नेला त्या मिरवणुकीत पालखीचा पहिला दांडा कोझिमोच्या खांद्यावर होता. बाप जोवान्नीवाला, म्हणून थोरला कोझिमो त्या संताचा. आई जॉर्जोवाली, म्हणून धाकटा बियाजो या संताचा. भूकंपात बाप गेला आणि घर मधोमध चिरलं. वर निघताना कोझिमोने शपथ घेतली, पुन्हा खाली पाऊल टाकणार नाही. आईनेही सगळ्यांसमोर सांगितलं, तू आपल्या पायांनी खाली येईस्तोवर तुझं तोंड बघणार नाही. त्याला आता तीस वर्षं होत आली होती. दोघांनीही आपला शब्द पाळला, आणि आईपायी बियाजोही कधी वर गेला नाही. म्हणजे दोघंही जळत राहिली, दुसरं काय!

संध्याकाळी बियाजोने शेंगांची आमटी पुढ्यात घेतली आणि न खाताच बसून राहिला.

"काय झालं?" आई आग्रिप्पिनाने विचारलं. "मीठ जास्त पडलं?"

"मालकांना सज्ज्याखाली कोझिमो पाहिजे. जीभ काढलेला. मी उद्या नाही म्हणून सांगतो. दुसरं काम मिळेल."

म्हातारी उठली. काठी न घेताच उठली, हे बियाजोने पाहिलं.

"नाही म्हणतोस? मेल्या, अक्कल गहाण ठेवलीस का?" तिचे गाल लाल झाले होते. "ज्याचं थोबाड सज्ज्याखाली लागतं त्याला काय करावं लागतं? सांग!"

बियाजोच्या हातातला चमचा तसाच राहिला. ते त्याला सुचलंच नव्हतं.

आमच्याकडची रीत अशी, की ज्याचा चेहरा टवाळीसाठी कोरला त्याने पडदा उघडण्याच्या दिवशी स्वतः येऊन त्याच्याखाली उभं राहायचं. जो येणार नाही तो भ्यायला, आणि त्याच्याबरोबर त्याचा संतही भ्यायला. आई आजारी म्हणून शपथ मोडली तर लोक तोंडात शेण घालतील. पण थोबाड बघायला म्हणून मोडली तर पाद्रीच पाठीवर थाप मारून पाठवील.

"कोर," आग्रिप्पिना म्हणाली. "असा घाणेरडा कोर, की त्याला रात्रभर झोप लागता कामा नये."

दुसऱ्या दिवसापासून म्हातारी परांचीखाली खुर्ची टाकून बसली. गुडघ्यांनी जमत नव्हतं, नाहीतर वरही चढली असती.

"केस दाट. अजून दाट! कपाळावर आलेले. दात पुढचा थोडा तिरका. डाव्या कानाची पाळी तुटलेली, तूच दगड मारला होतास, विसरलास?"

"नाही विसरलो, आई."

"हनुवटीला खळी. आणि जीभ लांब काढ. हां!"

दगड आमचा मऊ, मधाच्या रंगाचा. त्यातून कोझिमो निघत होता आणि बियाजो उजाडायच्या आत परांचीवर चढत होता. किती वर्षांत असं कामावर पळत यावंसं वाटलं नव्हतं. टवाळीचं काम होतं खरं, पण तो हसतच कोरत होता.

बातमी वर पोचवायचं काम आग्रिप्पिनाने दुसऱ्या कोणावर सोपवलं नाही. गाढवावर बसून ती ओढ्यावर गेली. तिथे अलीकडच्या काठावर आमच्या बायका धुणं धुतात, पलीकडे त्यांच्या.

"अगं ए जोवान्नीवाल्यांनो!" ती ओरडली. "तुमच्या कोझिमोला सांगा, रविवारी त्याची जीभ सगळा गाव बघणार आहे!"

पलीकडून एक जाडजूड बाई चादर पिळत उभी राहिली. "कुठल्या तोंडाने सांगतेस गं, म्हातारे? पोटचा पोरगा ना तो तुझा?"

"म्हणूनच तर सांगते! येईल का तो? का घागऱ्यात लपेल?"

"येईल! वाजतगाजत येईल! तुमचे सज्जे सांभाळा!"

म्हातारी परत आली ती गाढवावर गाणं म्हणतच. घरी येऊन तिने पेटीतला काळा रेशमी रुमाल काढला आणि बदाम कुटायला घेतले. कोझिमोला बदामाची वडी आवडायची. साखर बियाजोने आणून दिली.

रविवारी चौकात मुंगीला जागा नव्हती. डॉन ऑत्तावियो नव्या कोटात सज्ज्यावर उभे, खाली पहिल्या रांगेत आग्रिप्पिनाची खुर्ची, मांडीवर वडीचं फडकं. परांचीवर बियाजो पडद्याची दोरी धरून. ताशा ऐकू आला आणि सगळ्यांच्या माना पायऱ्यांकडे वळल्या.

"आले! आले!"

जोवान्नीवाले खरंच वाजतगाजत उतरले, पण शेवटच्या पायरीवर सगळे थांबले. पुढे आला तो एकच, ढेरपोट्या, टकलू माणूस. एका पायाने लंगडत, टोपी हातात चुरगाळत. बियाजो त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिला, कोझिमो कुठे दिसतो का म्हणून.

"ओढ!" डॉन ऑत्तावियो गरजले.

बियाजोने दोरी ओढली. पडदा पडला आणि चौकातून हसण्याची लाट उठली, पण मध्येच कुठेतरी विरली. लोक वर बघत होते. वर विशीतला एक देखणा पोरगा होता, दाट केसांचा, जीभ काढून खोड्या काढणारा.

"हा कोण?" डॉन ऑत्तावियो सज्ज्यावरून वाकून ओरडले. "बियाजो, गाढवा, हे कोणाचं पोर कोरलंस?"

लंगडा माणूस चौक ओलांडून थेट सज्ज्याखाली आला. मान वर करून त्याने चेहरा पाहिला, बराच वेळ पाहिला. मग त्याचा हात सावकाश डाव्या कानाकडे गेला आणि तुटक्या पाळीवर थांबला.

बियाजोच्या हातातून दोरी सुटली. त्याला हाक मारायची होती, खाली उडी मारायची होती.

खाली कोझिमो वळला. आईच्या खुर्चीसमोर, दोन हातांच्या अंतरावर तो उभा होता. आग्रिप्पिना एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून मान काढत होती. तिची नजर त्याच्या पोटाला वळसा घालून पायऱ्यांवर लागली होती.

"अरे बाबा, जरा बाजूला सरक," ती काठीने त्याला हलकेच ढोसत म्हणाली. "माझा मुलगा यायचाय."

कोझिमो बाजूला सरकला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिच्याशेजारी उभा राहिला.

"हां," म्हातारी खुशीत म्हणाली, "आता कसं नीट दिसतंय."