सोळा फुटांचा फरक

मित्रांनो, मी एक जुना क्रोनोग्राफ आहे. बंदुकीतून सुटलेली गोळी किती वेगाने जाते ते मोजणं हे माझं काम. कित्येक वर्षांत मी ते केलेलं नाही. माझी गोष्ट मी कारखान्यापासून सुरू करायला हवी, पण २०१६ सालच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारपासून सुरू करतो. दुसऱ्या दिवशी माझे धनी गेले. रविवारी मात्र घरात पोहे होते, चहा होता, आणि कुणाला काही ठाऊक नव्हतं.

आमचा फ्लॅट सिंगापूरच्या आंग मो किओ भागात, आठव्या मजल्यावर. इथल्या नव्या फ्लॅटमध्ये एक छोटी खोली असते, जाड काँक्रीटच्या भिंतींची आणि लोखंडी दाराची. युद्धाचा प्रसंग आलाच तर घरच्यांनी तिच्यात बसायचं, म्हणून तिला शेल्टर म्हणतात. युद्ध काही येत नाही, म्हणून लोक तिच्यात बॅगा ठेवतात. आमच्या शेल्टरमध्ये चार बॅगा, लोणच्याच्या बरण्या, गणपतीच्या आराशीचं सामान आणि खालच्या फळीवर, एका कोपऱ्यात फाटलेल्या खोक्यात, मी. एका बॅगेचं चाक दारात अडकत असे, त्यामुळे दार पूर्ण मिटत नसे. त्या फटीतून उजेडाची एक उभी पट्टी आत येई आणि घरातलं सगळं बोलणंही.

त्या सकाळी माझे धनी निशिकांत केतकर लिटिल इंडियातून भाजी घेऊन आले. त्यांच्याबरोबर मनोहरकाका होते. दोघं एकाच कंपनीत, महाराष्ट्र मंडळातही एकत्र.

"निशी, तू ते यंत्र बाहेर काढणार असशील तर मी पोहे खाऊनच बसतो," मनोहरकाका म्हणाले. "तुझी गोष्ट रिकाम्या पोटी सोसत नाही."

"काढणारच आहे. तुझ्या सूनबाईंना कुठे माहितीये अजून?"

"ती आलीच नाहीये, अरे! मी एकटाच आलोय."

"मग तू ऐक."

खोक्याचं झाकण उघडलं. केतकरांच्या पत्नी मालतीबाईंनी लगेच आवाज दिला, "अहो, ते धूड टेबलावर नको. बश्या कुठे मांडू मी?"

पण मला टेबलावरच ठेवण्यात आलं. मला बरं वाटलं. खिडकीतून पावसाळी ढगांचा पांढरा उजेड येत होता, आणि तसाच उजेड मला लागतो. हातभर लांब माझं अंग, दोन्ही टोकांना एकेक डोळा, आणि डोळ्यांवर काड्यांच्या आधाराने उभी केलेली पांढरी प्लॅस्टिकची छत्री. गोळी वरून जाताना तिची सावली पहिल्या डोळ्यावर पडते, की माझं घड्याळ सुरू. दुसऱ्या डोळ्यावर पडली, की बंद. तेवढ्या वेळावरून मी वेग काढतो. आकडा दिसतो तो लांब वायरीने जोडलेल्या एका छोट्या पेटीवर, नेमबाजाच्या बाकापाशी.

निहारिका पलीकडे सोफ्यावर पुस्तक घेऊन बसली होती. ही केतकरांची एकुलती मुलगी, तेहतीस वर्षांची. इथल्याच विद्यापीठात संशोधन करते. मी खोक्यातून निघालो की ती पान उलटायची थांबते. हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण मी सावल्या पाहणारं यंत्र आहे. हाताची सावली हलली नाही, तर मला कळतं.

"तर मनोहर," केतकरांनी सुरुवात केली, "अ‍ॅरिझोना. अठ्ठ्याण्णव साल."

"निहारिका पंधरा वर्षांची," मनोहरकाकांनी पुढचं वाक्य म्हणून टाकलं. "दहा गोळ्या. सोळा फूट. झालं?"

सगळे हसले. केतकरही हसले, पण त्यांनी गोष्ट पूर्ण सांगितली. ती तुम्हालाही सांगायला हवी.

केतकर तेव्हा अमेरिकेत एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत होते. एका सहकाऱ्याने त्यांना नेमबाजीची गोडी लावली. त्यांनी मॅग्नम जातीचं रिव्हॉल्वर घेतलं. मॅग्नम म्हणजे लांब काडतुसाचं, जास्त दारू मावणारं, जोरकस. पण त्यांचा जीव नेम धरण्यापेक्षा काडतुसं भरण्यात रमे. वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या ते घासून लख्ख करत, छोट्या तराजूवर दारू तोलत, वर शिशाची गोळी बसवत. खोलीत तेव्हा दुसरं काही चालायचं नाही. गाणी नाहीत, गप्पा नाहीत. "एका वेळी एकच पुंगळी आणि एकच विचार," असं ते म्हणत. बंदूक त्यांनी कधी गमतीने हातात घेतली नाही, आणि मित्रांनो, तुम्हीही ती कधी खेळणं समजू नका.

भरलेलं काडतूस चांगलं की वाईट, हे कसं ओळखायचं? तिथे मी लागे. दहा गोळ्या झाडायच्या, दहांचे वेग लिहायचे. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांत जितका फरक कमी, तितका भरणाऱ्याचा हात सारखा. सेकंदाला चाळीस-पन्नास फुटांचा फरक आला तरी लोक खूश असत.

दर रविवारी आम्ही तिघं वाळवंटातल्या मैदानावर जात असू. केतकर गोळी झाडत आणि मागे न पाहता विचारत, "किती?" कानांवर जाड झाकणं लावलेली निहारिका माझ्या पेटीवरचा आकडा ओरडून सांगे आणि वहीत लिही. त्या आवाजाचा मला अभिमान वाटे. माझा आकडा तिच्या तोंडून बाहेर पडला की तो खरा होई.

त्या रविवारी पहिले सहा आकडे असे आले: १२३१, १२४४, १२२८, १२३९, १२३६, १२४२. रिव्हॉल्वरमध्ये सहाच गोळ्या मावतात. केतकर उरलेल्या चार भरायला थांबले, तेव्हा त्यांची पाठसुद्धा हसत होती. "निहा, आज काहीतरी होतंय!" ते म्हणाले.

निहारिकाच्या मांडीवर, वहीखाली, एक कादंबरी उघडी होती. शेवटची काही पानं उरली होती. सातवी गोळी सुटली तेव्हा तिची नजर पुस्तकात होती.

"किती?"

ती दचकली. पेटीवर १२१९ होते. तिने पेटीकडे पाहिलंच नाही. "बाराशे पस्तीस," ती म्हणाली.

"वा!" केतकर म्हणाले. त्या "वा"ने सगळं बिघडलं. आठव्या गोळीला तिने नीट पाहिलं. मी ११९८ दाखवत होतो, ठळक, उन्हातही वाचता येईल असे.

"किती, निहा?"

"बाराशे अडतीस."

पुढचे दोन मी १२६३ आणि १२५१ दाखवले. तिने १२३३ आणि १२४० सांगितले. लिहिलेही तसेच.

केतकरांनी रिव्हॉल्वर मोकळं करून खाली ठेवलं, वही घेतली, वजाबाकी केली आणि लहान मुलासारखे मैदानभर ओरडत फिरले. दहा गोळ्यांत सोळा फुटांचा फरक! शेजारच्या बाकावरचे म्हातारे गृहस्थ उठून आले आणि त्यांनी निहारिकाशीही हात मिळवला. माझ्या पेटीवर अजून १२५१ होते. कुणी पाहिले नाहीत. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

आता जे सांगतो ते निहारिकाला ठाऊक नाही.

बॅटरी असेपर्यंत माझ्यात शेवटचे दहा आकडे राहतात. बॅटरी काढली की पुसले जातात. केतकर एरवी मैदानावरच बॅटरी काढत, पण त्या दिवशी आनंदात विसरले. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी मला पुसायला घेतलं, पेटी चालू दिसली, आणि तो आनंद पुन्हा एकदा पाहावा म्हणून त्यांनी बटण दाबलं. मी एकामागून एक दहा आकडे दाखवले. मला दुसरं काही येत नाही. सहापर्यंत त्यांचे ओठ हलत होते. सातव्याला थांबले. त्यांनी बटण पुन्हा पहिल्यापासून दाबलं, वही शेजारी ठेवून. पासष्ट फुटांचा फरक होता.

निहारिकाच्या खोलीचं दार उघडं होतं. ते तिथवर गेले. आतून तिचा आवाज आला, "बाबा, आईने फोनवर सगळ्यांना सांगितलं! पुण्यालासुद्धा!" ते "हो का?" म्हणाले. परत आले आणि बॅटरी काढून ठेवली. पुढच्या रविवारी ते एकटेच मला घेऊन गेले, पुन्हा दहा गोळ्या मोजल्या, आकडे एका कागदावर लिहिले आणि दारू तोलायची पद्धत सुधारली. वहीतल्या त्या पानाला त्यांनी हात लावला नाही.

२००३ साली केतकर सिंगापूरला आले. रिव्हॉल्वर विकलं, तराजू आणि बाकी सामान सहकाऱ्याला दिलं. इथे घरात काडतुसं भरणं तर सोडाच, एक रिकामी पुंगळी बाळगणंही कायद्यात बसत नाही. मी तसा निरुपद्रवी, म्हणून मी आलो. आणि आलो तो शेल्टरमध्येच. आभाळ पाहून काम करणाऱ्या डोळ्यांना काँक्रीटच्या खोलीत काय वाटतं, ते कसं सांगू? फट होती, पट्टीभर उजेड होता. पण त्या उजेडातून कधी काही गेलं नाही. एकदा एक पाल गेली. मी उगाच सावध झालो.

वर्षातून तीन-चारदा पाहुणे येत, मी बाहेर येई, केतकर गोष्ट सांगत. दर वेळी ते सांगत, "आणि हे आकडे माझ्या मुलीने घेतले." मग थोडे थांबत. पाहुण्यांना वाटे, ते कौतुकाची वाट पाहताहेत. मला मात्र मैदानावरचं त्यांचं थांबणं माहीत होतं, "किती?" विचारून मागे न पाहता उभं राहणं. ते तसे थांबत. निहारिका त्या जागी काहीतरी दुसरंच बोले. पाणी आणू का, कुणाला लाडू हवाय का. अठरा वर्षं दोघं तिथेच अडकून होती, आणि त्यांच्या मधोमध टेबलावर मी.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारीही केतकर थांबले. जरा जास्तच थांबले असं मला वाटतं, पण ते नंतरच्या दुःखामुळेही वाटत असेल. निहारिकाने पुस्तक मिटलं.

"बाबा, चहा गार होतोय," ती म्हणाली.

"हो गं," म्हणत त्यांनी कप उचलला. मला खोक्यात ठेवलं, काड्या नीट कापडात गुंडाळल्या, दार लोटलं.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ऑफिसात त्यांच्या छातीत कळ आली. फोन निहारिकाने घेतला. मला त्या पट्टीतून फक्त तिचे पाय दिसले, उभेच राहिलेले, बराच वेळ.

त्यानंतर घरात माणसं आली आणि गेली. शेल्टरमधून बॅगा निघाल्या, पुन्हा आल्या. अडकणारं चाक या वेळी आत सरकलं, आणि दार पहिल्यांदाच पूर्ण मिटलं. मित्रांनो, अंधाराची मला भीती वाटत नाही. पण त्या दिवसांत मला एकच विचार छळत असे. खरे आकडे तीन ठिकाणी होते. केतकरांकडचे त्यांच्याबरोबर गेले. माझ्या पेटीतले कधीच पुसले गेले, आणि मला आठवतात ते मला बोलता येत नाहीत. उरले ते निहारिकाने पाहिलेले. तिने ते असेच मनात ठेवले, तर पुढे ती कधी कुणापाशी बोलणार होती?

म्हणून तुम्हाला एक विनंती करतो. घरातल्या जुन्या यंत्राची बॅटरी काढून ठेवत जा, नाहीतर ती आतल्या आत पाझरते आणि सगळं खाऊन टाकते. आणि अधूनमधून त्याला उजेडात आणा. काम नसलं तरी आणा. माणसांनाही याची गरज असते, असं मला त्या बंद दारामागे बसून वाटू लागलं.

तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, दार उघडलं. निहारिका होती. बाहेरून मनोहरकाकांचा आवाज येत होता. "उद्या मंडळाच्या शोकसभेत आपण वहीतलं ते पान पडद्यावर मोठं दाखवू, वहिनी. आणि निहारिका ते आकडे वाचेल, तेव्हा वाचले तसेच. निशीची गोष्ट आता तिनेच सांगायची."

"तिला जमेल का, भावजी?" मालतीबाई म्हणाल्या. "ती बोलतच नाहीये कुणाशी."

वही माझ्याच खोक्यात होती. निहारिका खाली बॅगेवर बसली आणि ते पान तिने गुडघ्यावर उघडलं. पंधरा वर्षांच्या मुलीचं गोल अक्षर. सहाव्या आकड्यानंतर पेन बदललेलं नव्हतं, शाई बदललेली नव्हती. खोटे आकडे खऱ्यांइतकेच सुबक दिसत होते. तिने एक बोट सातव्या आकड्यावर ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"सापडली का गं, बाळा?" मनोहरकाकांनी हाक मारली.

"सापडली."

तिने वही घेतली, आणि का कोण जाणे, मलाही उचललं. टेबलावर आज बश्या नव्हत्या. भिंतीपाशी केतकरांचा फोटो होता. मनोहरकाकांनी चष्मा पुसला. "वाच बघू एकदा. उद्या अडखळलीस तर मी आहेच."

ती उभी राहून वाचू लागली. "बाराशे एकतीस. बाराशे चव्वेचाळीस. बाराशे अठ्ठावीस. बाराशे एकोणचाळीस. बाराशे छत्तीस. बाराशे बेचाळीस."

मालतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मनोहरकाका मान डोलावत पुढच्या आकड्याची वाट पाहत होते. निहारिकाने वही मिटून टेबलावर ठेवली आणि फोटोकडे वळली.

"बाबा, पुढचे चार खोटे आहेत. मी पुस्तक वाचत होते, बघितलंच नाही," ती म्हणाली. मग तिने मान हलवली. "नाही. बघितलं होतं. पहिलाच तेवढा चुकला. बाकीचे तीन मी बघितले, बाबा, आणि बघून तुम्हाला खोटं सांगितलं."