डोक्यातली यादी

विक्रोळीच्या त्या कारखान्यात जयवंत राणेचा हुद्दा भारदस्त होता: डेटा प्रोसेसिंग मॅनेजर. दारावर नावाची पाटी, थंडगार खोली आणि हाताखाली जुन्या हिशेबयंत्रात घालायच्या हजेरीच्या कार्डांवर भोकं पाडणाऱ्या अकरा बायका. शहाऐंशीच्या मे महिन्यात नवा कॉम्प्युटर आला आणि अकराजणींची रवानगी पॅकिंग खात्यात झाली. त्यांची यादी जयवंतनेच केली होती. जात्यातले रडतात नि सुपातले हसतात म्हणे. जयवंतला हसू काही येईना.

कारण वर्क्स मॅनेजर भाऊराव टिपणीस त्याला बोलून गेले होते, "राणे, तुमच्या डोक्यात जे जे आहे ते मीरा मॅडमना सांगा. तुमच्यासाठी काम किती उरतंय ते दिवाळीनंतर बघू."

मीरा ही कॉम्प्युटर कंपनीची प्रोग्रॅमर. बाई सज्जन. हजेरी, पाळ्या, रजा, एकेक नियम विचारून लिहून घ्यायची आणि वर "थँक्यू सर" म्हणायची. त्या प्रत्येक थँक्यूसरशी जयवंतच्या डोक्यातलं एकेक काम वजा व्हायचं. त्याचं बूड खुर्चीला टेकेना. अर्धा चहा टाकून उठायचा, उगाच स्टोअरपर्यंत जाऊन यायचा. भांडुपला घरी गेला तरी तीच येरझार. शेवटी बायको वनमाला वैतागून म्हणाली, "सगळा सांगून टाकल्यात तर तुमका कोण इचारतलो? कायतरी आपल्याकडे ठेवा!"

त्याने एक गोष्ट ठेवली.

कारखान्यात जुनी रीत होती. नारळी पौर्णिमेला खारदांड्याचे कोळी सुट्टीवर जायचे, तेव्हा त्यांच्या पाळ्या कोकणातले गडी भरून काढायचे. गणपतीत कोकणातले गावी पळाले की कोळी स्वतःची पाळी संपवून त्यांच्या जागी उभे राहायचे. अशा चाळीस-बेचाळीस जोड्या. कागदावर काही नाही, सगळं तोंडी. हजेरीची कार्डं यंत्रात जायच्या आधी जयवंत ती हाताने जुळवायचा, बदलीची पाळी रजेवरच्याच्या नावावर टाकायचा. बावीस वर्षं त्याने हे केलं, आणि मीराला यातलं अक्षर सांगितलं नाही.

त्याची अटकळ सरळ होती. जुन्या यंत्रात न जुळणारं कार्ड गेलं की ते खडखडून अडायचं आणि लोक "राणेसाहेब!" म्हणून धावत यायचे. नवंही अडेल. तेव्हा कळेल ह्यांना.

नारळी पौर्णिमेपर्यंत हजेरी जयवंतच हाताने लावत होता; ती कॉम्प्युटरवर गेली आणि गणपती बसले. जयवंत गावी गेला नाही, कारखान्यातल्या आपल्या खोलीत फोनशेजारी बसून राहिला. फोन वाजला नाही. कॉम्प्युटर अडला नाहीच. नियमाप्रमाणे त्याने गैरहजेरीचे सात दिवस मुकाट मोजले आणि आठव्या दिवशी सुबक छापील पत्रं काढली. कोकणातल्यांना: विनापरवाना गैरहजर, नाव पटावरून कमी का करू नये? कोळ्यांना: पाळी संपल्यावर आवारात विनापरवाना थांबलात, खुलासा द्या.

खारदांड्याचा हरेश्वर पत्र घेऊन आला. सोबत त्याचा जोडीदार गुणाजी, नुकताच देवगडहून परतलेला, तोंड पांढरंफटक. हरेश्वर म्हणाला, "जयवंत, तुला तं सगला म्हाईत हाय. मंग ही चिट्ठी आली कशी?"

जयवंतला शरमेने मान वर करवेना. तो तडक भाऊरावांकडे गेला आणि रीत सांगून टाकली. भाऊराव कपाळाला हात लावून बसले. "पत्रं मागे घेऊ. पण ह्या जोड्या नेमक्या कुणाला ठाऊक?"

"मला."

"मग दर वर्षी तुम्हीच जुळवून द्या. म्हणजे तुम्ही लागणारच बुवा!"

हेच तर हवं होतं त्याला. चार महिने ह्या एका वाक्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता. उड्या मारतच बाहेर आला. दारात गुणाजी उभा होता. पत्रं रद्द झाल्याचं ऐकून त्याने जयवंतचे हात धरले आणि म्हणाला, "तुमी आसात म्हणून वाचलंय, साहेब. पण उद्या तुमका बरा नसला तर आमचा कसा होतला?"

जयवंतने हात सोडवून घेतले. जिन्यावर तो दोनदा वरखाली झाला. माणसांची भाकर आपल्या एका डोक्यात कोंडून ठेवायची, हे त्याला सहन होईना, आणि ते डोकं रिकामं करायचं म्हटलं की आपली खुर्ची गेली. शेवटी तो मीरासमोर जाऊन बसला आणि बेचाळीस जोड्या घडाघडा सांगितल्या.

मीराची बोटं चालत राहिली. चहाही निवला नव्हता.

"झालं सर. आता आपोआप जुळेल. एवढंच होतं?"

"एवढंच," जयवंत म्हणाला. मग त्याने विचारलं, "मॅडम, तुमच्या कंपनीत शेहेचाळीस वर्षांचा माणूस घेतात का हो?"

मीरा मान वर न करता म्हणाली, "तिशीच्या आतलेच घेतात, सर. थँक्यू."