काढून टाकलेली अट

ईशानी बनारसच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायची. तिचा थोरला भाऊ श्रीनिवास तिथलीच लाकडी खेळणी देशभर विकायचा. कोणते नमुने ठेवावेत, कोणते बंद करावेत, हे त्याला उमगेना, म्हणून तिनं एक प्रोग्राम लिहून दिला. संगणक खेळण्यांचे शेकडो संच कल्पायचा, गिऱ्हाइकांच्या आवडीवर पारखायचा, नफ्याचे तेवढे जगवायचा. मग त्यांतले नमुने एकमेकांत मिसळून संचांची पुढची पिढी तयार करायचा, आणि ती आधीच्यापेक्षा सरस निघायची.

एक अट मात्र तिनं पक्की घातली होती: प्रत्येक संचात हातानं रंगवलेली खेळणी हवीतच. ती रामघाटावरच्या लतिकाकाकू आणि त्यांच्या शेजारणी रंगवायच्या. आई गेल्यावर या दोघा भावंडांना काकूंनीच जेवू घातलं होतं.

एका सकाळी संकठादेवीच्या दर्शनाहून परतताना गल्लीत काकू दिसल्या. त्या थांबल्याच नाहीत.

"काकू, रागावलात?"

"रागावून काय करू, बेटा? तुझ्या कंप्यूटरनं आमचं काम बंद केलं. श्रीनिवास म्हणाला, ईशानीचा हिसाब आहे, मी काय करणार!"

ईशानी तशीच श्रीनिवासच्या कारखान्यात गेली.

"दादा, माझी अट कुठंय?"

"काढली. छापील रंगाचा माल परवडतो. अट काढल्यावर तुझ्याच प्रोग्रामनं दाखवलं."

"मग काढली म्हणून तू सांगायचंस. माझं नाव का घेतलंस?"

श्रीनिवास खोक्याला पट्टी चिकटवत राहिला. "माझ्याशी त्या भांडल्या असत्या. तुझं नाव ऐकून गप्प घरी गेल्या."

"चल माझ्याबरोबर. त्यांना खरं सांग."

"पागल झालीस? आज माल निघायचाय."

ती एकटीच रामघाटावर गेली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं.

"तुम्हा दोघांत खरं कोण, हे मला ठरवायला लावू नकोस," त्या म्हणाल्या. "दोघंही माझ्याच हातचं जेवलात."

ईशानी उंबऱ्यापाशीच बसून रडली. काकू आत निघून गेल्या.

त्या दिवाळीत ती भाऊबीजेला गेली नाही. श्रीनिवासचा फोन आला.

"एवढी कसली नाराजी? तुझ्यामुळे तर धंदा वाढला!"

तिनं फोन ठेवला.