सहाव्यांदा ढिला झालेला दांडा

ही १९६७ सालची गोष्ट. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी फेब्रुवारीत मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

वडील शिंपी. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. तिथे कापायचं टेबल, दोन शिलाई मशिनी आणि भिंतीला टेकून माझी सायकल. दुसरी मशीन आईची होती. मी सात वर्षांची असताना आई गेली, आणि मला वाढवलं वडिलांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आत्याने. आईच्या मशिनीवर पुढे मी बसेन हे घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. नोकरीचं पत्र आलं तेव्हा वडील म्हणाले, "परक्या माणसांचे नंबर जोडून द्यायचे, ही कसली नोकरी?" आणि आठच दिवसांनी कुठून तरी एक जुनी लेडीज सायकल घेऊन आले. मी समजले, परवानगी मिळाली.

एक्स्चेंज घरापासून तीन मैलांवर. पाळी सकाळी सातची. पहिले सहा महिने उमेदवारीचे, आणि त्यात हजेरीपटावर नावापुढे तीन लाल रेघा पडल्या की घरी बसायचं. सुपरवायझर बाई लाल पेन्सिल कानामागे खोचूनच दारात उभ्या असत. सात वाजून एक मिनिट झालं की पेन्सिल कानामागून निघे.

मार्चपासून सायकल कुरकुरायला लागली. डाव्या पायावर जोर दिला की कर्र, पाय वर आला की खट्. चार-पाच दिवसांत पायडलचा दांडा पायाखाली हलायला लागला. कोपऱ्यावरच्या सायकल मिस्त्रीने खाली बसून दांडा हलवून पाहिला.

"कॉटर गेलाय, ताई."

कॉटर म्हणजे बोटाएवढी लोखंडी खुंटी. एका बाजूने तासलेली, पाचरीसारखी. ती दांडा आसाला घट्ट धरून ठेवते. मिस्त्रीने नवा कॉटर ठोकला, नट आवळला, कुरकुर थांबली. आठवड्याने पुन्हा कर्र. पुन्हा नवा कॉटर. पुन्हा आठवडा. दोनदा तर वाटेत पुलाच्या चढावर दांडा असा लुळा पडला की उरलेली वाट सायकल ढकलत गेले. दोन लाल रेघा पडल्या. एप्रिल संपेपर्यंत मी मिस्त्रीकडे पाच फेऱ्या मारल्या होत्या.

कुठेतरी पाणी मुरत होतं. पहिला संशय मिस्त्रीवर. तिशीचा, बिनलग्नाचा माणूस. मी गेले की हातातलं दुसरं काम बाजूला ठेवायचा. मुद्दाम अर्धवट ठोकत असेल, म्हणजे मी पुन्हा येईन! आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या बाबांनाही काहीतरी वाटतंय हो. काल मला विचारत होता, ही एकटीच जाते का तिकडे?"

"मग काय वरात काढून जाऊ?"

"मी फक्त सांगितलं, बाई. माझ्या अंगावर कशाला येतेस?"

पाचव्या वेळी मी शिंप्याच्या मुलीला सुचेल तेच केलं. मिस्त्रीने नट आवळल्यावर कापडावर आखायच्या खडूने कॉटर, नट आणि दांडा यांवरून एक सरळ पांढरी रेघ ओढली. नट फिरला तर रेघ मोडेल.

"ताई, हे काय? माप घेताय?" मिस्त्री म्हणाला.

"हो. विश्वासाचं."

त्याने पाना पुसून खोक्यात टाकला.

त्या दिवशी जाऊन आले, रेघ जागेवर. संध्याकाळी पाहिलं, तरीही जागेवर. सकाळी मात्र रेघच नाही. कोणीतरी पुसून टाकलेली. म्हणजे मिस्त्री सुटला, आणि चोर घरातच.

घरात माणसं तिघं. स्वतःला वगळलं तर राहिली दोन. आत्याला सायकल कुठून कशी धरायची तेही ठाऊक नव्हतं.

तीन दिवस रोज खडूची रेघ काढली, रोज सकाळी ती गेलेली. चौथ्या दिवशी दांडा पुन्हा हलायला लागला. एक लाल रेघ बाकी होती. पाचव्या दिवशी मी पहाटे जागी झाले पण अंथरुणातून हलले नाही. मधल्या पडद्याच्या फटीतून पुढची खोली दिसत होती. वडिलांनी दिवा लावला. लांब नळीची तेलाची कुपी घेऊन रोजच्यासारखं आधी स्वतःच्या मशिनीला तेल दिलं, मग आईच्या. मग सायकलीपाशी उकिडवे बसले. चिंधीने माझी रेघ पुसली. कॉटरवर नळी टेकवली, तीन थेंब सोडले, पायडल उलटं फिरवून कान लावला, आणि पुन्हा दोन थेंब.

मी पडदा सारून बाहेर आले.

"तुम्हीच ढिलं करता!"

ते उठले नाहीत. कुपी हातात तशीच. "काय म्हणालीस?"

"तिसरी रेघ पडली की मी घरी बसणार, मशिनीवर. तेच पाहिजे ना तुम्हाला?"

आत्या स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं, बापाशी बोलतेस तू!"

"कुरकुरते म्हणून रोज तेल घालतोय," वडील सावकाश म्हणाले. "माझ्या मशिनी वीस वर्षांत कुरकुरल्या नाहीत. आणि हिचा दांडा ढिला का होतो ते तुझ्या त्या मिस्त्रीला विचार. एका खुंटीसाठी पाच-पाच फेऱ्या? मी काही आंधळा नाही."

मनात दोन महिने साठलेलं दोघांचंही बाहेर पडलं. आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "करावं भलं तर म्हणे माझंच खरं! जा, दोघंही जा त्याच्याकडे आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावा."

सहा वाजून गेले होते. वडील पुढे, मी सायकल ढकलत मागे. मिस्त्री नुकताच फळ्या काढत होता. शिंपीमास्तर स्वतः आलेले पाहून त्याच्या हातातली फळी निसटली.

"मास्तर, मी काही केलेलं नाही," तो आधीच म्हणाला.

"केलंय म्हणालो का मी? उघडा ते."

त्याने नट काढला, हातोडीने कॉटर मागे ठोकला. तो सहज बाहेर घसरला. मिस्त्रीने तो बोटांत फिरवला, भोकात बोट घालून बाहेर काढलं, वास घेतला.

"मशिनीचं तेल. यात कोण घालतं?"

"मी," वडील म्हणाले. "का?"

"मास्तर, ही पाचर आहे! दार हलू नये म्हणून पाचर ठोकता, तिला तेल लावून ठोकता का? कॉटर सुकाच बसायला पाहिजे. फिरतं तिथे तेल. हे फिरत नाही, हे धरतं."

वडिलांचा चेहरा मी आयुष्यभर विसरले नाही. आमच्या घरात कुठलाही आवाज आला की एकच औषध होतं: तेल. दाराची बिजागरी, कात्री, पंखा, आत्याची पेटी. त्यांनी कॉटर हातात घेतला, तासलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"चूक माझीही आहे. मी विचारायला पाहिजे होतं," मिस्त्री म्हणाला. "पण मला वाटलं, ताईच मुद्दाम..." त्याचे कान लाल झाले.

"मुद्दाम काय?" मी विचारलं.

"काही नाही. घड्याळ बघा, साडेसहा झाले."

दोन महिने आम्ही तिघं एकमेकांवर नजर ठेवून होतो, आणि तेल मुकाट्याने आपलं काम करत होतं. मला हसू फुटलं. वडील हसले नाहीत.

मिस्त्रीने भोक आणि आस रॉकेलच्या बोळ्याने पुसले, मग कोरड्या चिंधीने दोनदा. दांड्याखाली लाकडाचा ठोकळा दिला. तो ठोकळा वडिलांनी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी धरला. नवा कॉटर. हातोडीचे पाच सणसणीत घाव. मग नट. पुन्हा दोन घाव, पुन्हा नट.

"जा," वडील म्हणाले. माझ्याकडे न बघता.

त्या दिवशी पुलाच्या चढावर मी सीटवरून उठून दोन्ही पायांवर उभी राहिले. दांडा हलला नाही. एक्स्चेंजच्या दारात पोचले तेव्हा सातला एक मिनिट होतं. पेन्सिल बाईंच्या कानामागेच होती. "हात काळे कशाने झाले?" त्यांनी संशयाने विचारलं. "धुऊन ये. त्या हातांनी बोर्डावरच्या प्लगना शिवायचं नाही."

तिसरी रेघ पडली नाही. ऑगस्टमध्ये मी कायम झाले आणि चौतीस वर्षं तिथेच काढली. सुपरवायझर बाई सत्तर साली निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मला म्हणाल्या की त्या सकाळी एक्स्चेंजचं घड्याळ दोन मिनिटं मागे होतं; ते त्यांना तेव्हाच माहीत होतं की नाही, हे मात्र सांगितलं नाही. मिस्त्रीने पुढच्याच वर्षी समोरच्या पिठाच्या गिरणीवालीशी लग्न केलं. तीही गिरणीच्या पट्ट्याला तेल घालते आणि मग तो घसरतो, असं तो सगळ्यांना सांगायचा. आत्या ब्याऐंशीव्या वर्षी झोपेत गेली. सायकल मी नव्वद साली एका नव्या ऑपरेटर मुलीला दिली.

वडील त्या सकाळनंतर चौदा वर्षं होते. त्या सकाळबद्दल मी त्यांची माफी मागितली नाही, त्यांनीही माझी मागितली नाही; आमच्या घरात तशी सवय नव्हती. पण गिऱ्हाइकाचं माप घेताना ते कॉटरची गोष्ट रंगवून सांगत. मिस्त्रीने तेलाचा वास कसा घेतला, आपण किती अडाणी ठरलो, आत्या काय म्हणाली, सगळं. मी पडद्यामागे ऐकत असे. मी पडदा सारून बाहेर आले, इथपर्यंत गोष्ट आली की मी हातातलं काम थांबवायची. ते दरवेळी तिथे टेप गळ्यात टाकत आणि म्हणत, "तेवढ्यात पोरगी उठली, आणि आम्ही दोघं मिस्त्रीकडे गेलो."