दाराबाहेरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सुताराने मला जेवणाच्या टेबलासाठी घडवले होते. पण माझ्या नशिबी दाराबाहेरची, जिन्याच्या तोंडाशी असलेली जागा आली.

आमच्या वकीलबाई कारखान्यातल्या छळाविरुद्ध बोलणाऱ्या बायकांचे खटले लढतात. त्यावरून त्यांना धमक्या येऊ लागल्या. एके दिवशी कोणीतरी दारावर काळा रंग फासून गेले. तेव्हा न्यायालयाने बाईंना संरक्षण दिले आणि माझ्यावर एक हवालदार येऊन बसला. गडी चांगला वजनदार होता. माझा एक पाय तेव्हापासून कुरकुरतो. पण तो असा खाकरायचा, की भलतासलता माणूस खालूनच माघारी फिरे. हा खाकरला की मला निवांत झोप लागते, असे बाईंची आई म्हणे.

अशा संरक्षणाची मुदत संपण्याआधी ती वाढवून मागावी लागते. बाईंनी साऱ्या बायकांचे अर्ज वेळेवर केले. स्वतःचा तेवढा राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"ताई, मुदत संपली. वरून हुकूम आलाय. मी तरी काय करणार?" एवढे बोलून हवालदार खाली मान घालून निघून गेला.

दुसऱ्याच दुपारी दोन अनोळखी माणसे वर आली. एकाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आज कुणी बसलेलं नाही वाटतं," तो हसून म्हणाला.

दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या. मला फार भीती वाटली. पाय चार असून पळता येईना, ओरडता येईना.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या मावशी जिना चढून आल्या. हातात कात्री, काखेत अर्धवट शिवलेला झगा. त्या सरळ माझ्यावर बसल्या.

"खाली अंधार आहे. इथं उजेड बरा," त्या म्हणाल्या आणि टाके उसवू लागल्या. त्यांचे अंग थरथरत होते, ते फक्त मला कळत होते.

माणसे थोडा वेळ घुटमळली. परत येऊ, असे सांगून गेली.

बाईंनी आता अर्ज दिला आहे. निकाल यायचा आहे. तोवर मावशी काम घेऊन माझ्यावर बसतात. मित्रांनो, दुसऱ्यांसाठी भांडणाऱ्या बाईला एकटे सोडू नका. कायद्याचे संरक्षण तिला मिळायलाच हवे, आणि ते येईपर्यंत शेजाऱ्यांनी तिच्या दाराशी बसायला हवे.

आत्ता मावशी दोरा आणायला बाजारात गेल्या आहेत. जिन्यात पावले वाजत आहेत. मावशींची चप्पल मला ओळखू येते. ही त्यांची नाही. कुणीतरी या, माझ्यावर येऊन बसा.